प्रोलॅक्टिन वाढलेले आढळल्यावर काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

ताई, उत्तराकडे वळण्यापूर्वी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे तो मला नीट समजला आहे की नाही हे तुम्हाला कळेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २९ वर्षांच्या आहात, कोल्हापुरात राहता आणि वर्षभरापासून बाळासाठी प्रयत्न करत आहात. गेल्या काही महिन्यांत पाळी लांबत चालली असून आता ती ४० ते ५० दिवसांनी येते. स्तनाग्र दाबल्यावर पांढरट थेंब दिसला म्हणून रक्त तपासले, तेव्हा प्रोलॅक्टिन हे हार्मोन ६४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. पित्ताच्या त्रासासाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी चालू आहे, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून दोनदा घ्यायला आणि मेंदूचा एमआरआय करायला तुम्हाला सांगितले आहे, आणि नात्यातील कोणीतरी ‘हे डोक्यात गाठ असल्याशिवाय होत नाही’ असे बोलल्यापासून तुमची झोप उडाली आहे. कॅबरगोलिन सुरू करू का, एमआरआय करू का, मूल होईल ना आणि दूध पिणे बंद करू का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी कोल्हापुरात हार्मोनच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. कागल, गडहिंग्लज, राधानगरीपासून ते सीमेपलीकडच्या निपाणी-चिक्कोडीपर्यंतचे रुग्ण येतात आणि त्यांच्यात अशाच रिपोर्टसह घाबरून आलेल्या तरुण मुली व त्यांच्या आया नेहमी असतात. तुम्हाला मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे लिखाण म्हणजे तुमच्यासाठी औषधाची चिठ्ठी समजू नये. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तो क्रमच उलटा झाला आहे. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे ‘प्रोलॅक्टिन का वाढले’ या पाचव्या प्रश्नावर अवलंबून आहेत, आणि तो अजून कोणी विचारलेलाच दिसत नाही.

प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते. त्याचे मुख्य काम बाळंतपणानंतर दूध तयार करण्याचे असले तरी ते सर्वांच्याच रक्तात, पुरुषांच्याही, थोड्या प्रमाणात असते. या ग्रंथीतील बहुतेक हार्मोन मेंदूकडून ‘तयार कर’ असा निरोप आल्यावर स्रवतात. प्रोलॅक्टिनचे मात्र वेगळे आहे. त्यावर मेंदूतून येणाऱ्या डोपामिन या द्रव्याचा सतत लगाम असतो, आणि हा लगाम सैल झाला की प्रोलॅक्टिन आपोआप वाढते. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढच्या बहुतेक गोष्टी समजायला सोप्या जातात, कारण डोपामिनचे काम अडवणारे कोणतेही औषध प्रोलॅक्टिन वाढवते आणि कॅबरगोलिन हे औषध डोपामिनसारखे वागून ते खाली आणते. वाढलेले प्रोलॅक्टिन मेंदूतून बीजकोशांकडे जाणारे संदेश मंदावते, म्हणून बीज वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते आणि गर्भ राहायला अडचण येते. तुमची तक्रार या साखळीत व्यवस्थित बसते. म्हणजे तुमचा रिपोर्ट दुर्लक्ष करण्याजोगा नाही, हेही मी स्पष्ट करतो.

आता ६४ या आकड्याबद्दल. गर्भवती नसलेल्या स्त्रीमध्ये प्रोलॅक्टिन साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत आणि पुरुषांत १५ ते २० पर्यंत असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा थोड्या बदलतात. काही प्रयोगशाळा हाच आकडा वेगळ्या एककात, मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति लिटर असा छापतात आणि तो साधारण २१ पटींनी मोठा दिसतो. तुमचे ६४ तिथे १३५० च्या आसपास छापले गेले असते. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘एका महिन्यात २१ पट वाढले’ म्हणून रडत आलेले कुटुंब मी पाहिले आहे, म्हणून आकड्याशेजारचे एकक आधी वाचावे. २०० ते २५० च्या वरचा आकडा बहुधा प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या गाठीकडे बोट दाखवतो. २५ ते १०० या पट्ट्यात मात्र औषधे, थायरॉइड, ताण, बीजकोशांचा विकार, लहान गाठ असे बरेच काही येऊ शकते, आणि तुम्ही नेमक्या याच पट्ट्यात आहात.

सर्वांत आधी गर्भारपणाची चाचणी करा. पाळी लांबलेल्या, बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रीमध्ये प्रोलॅक्टिन वाढण्याचे सर्वांत नैसर्गिक कारण तेच असते, आणि प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट हातात असूनही ही साधी चाचणी झालेली नाही असे आश्चर्य वाटावे इतक्या वेळा दिसते. गर्भारपणात प्रोलॅक्टिन २०० किंवा त्याहूनही वर जाणे स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट रक्त कसे घेतले याची. प्रोलॅक्टिन हे ताणाला प्रतिसाद देणारे हार्मोन आहे. झोपेत ते वाढते आणि जाग आल्यानंतर काही वेळ वरच राहते. जोराचा व्यायाम, शरीरसंबंध, स्तनांची हाताळणी आणि सुईची भीती यांनीही ते चढते. पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारून, घाम पुसत थेट प्रयोगशाळेत जाऊन रक्त देणारे अनेक जण आहेत, आणि या एका चाचणीसाठी ती पद्धत चुकीची ठरते. उठल्यानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत, प्रयोगशाळेत पोहोचल्यावर २० ते ३० मिनिटे शांत बसावे आणि मगच रक्त द्यावे. उपाशी असण्याची सक्ती नाही. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी दूध येते का हे पाहण्यासाठी स्तन दाबू नयेत. हे विशेष करून लिहितो, कारण एकदा थेंब दिसला की बायका काळजीपोटी रोज दाबून पाहतात आणि त्या दाबण्यानेच स्राव चालू राहतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना तसे सांगा; जास्त मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड दोन्हींचे आकडे चुकतात.

तिसरी गोष्ट औषधांची आहे आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म मला तिथेच दिसते, म्हणून तिथे थोडे थांबतो. तुमच्या पित्ताच्या गोळीचे पाकीट आत्ता हातात घ्या आणि उजेडात धरून मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ब्रँडचे नाव असते. मागे चकाकत्या कागदावर, बरेचदा गोळी काढताना फाटलेल्या जागी, अगदी बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तिथे पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा रॅबेप्राझोल २० मिलिग्रॅम एवढेच लिहिले असेल तर ती गोळी सहसा प्रोलॅक्टिनला हात लावत नाही. परंतु त्यापुढे ‘आणि डॉमपेरिडोन ३० मिलिग्रॅम’ किंवा ‘आणि लेवोसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम’ असे असेल, तर तुमच्या ६४ चे कारण बहुतांशी त्या पाकिटातच आहे. डॉमपेरिडोनच्या नावामागे पुष्कळदा ‘डीएसआर’ आणि लेवोसल्पिराइडच्या नावामागे ‘एल’ किंवा ‘एलएस’ ही अक्षरे जोडलेली असतात, पण अक्षरांवर विसंबून राहू नये, घटक वाचावेत. ही दोन्ही औषधे डोपामिनचे काम अडवतात. पोट लवकर रिकामे व्हावे, मळमळ थांबावी यासाठी ती पित्ताच्या गोळीत मिसळलेली असतात. लेवोसल्पिराइडने तर प्रोलॅक्टिन १०० च्याही वर गेलेले मी नेहमी पाहतो.

आपल्याकडे या गोळ्यांना कोणी औषध म्हणतच नाही, ही खरी अडचण आहे. ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारले की उत्तर ‘काही नाही’ असे येते. ‘पित्ताची, गॅसची, उलटीची गोळी घेता का’ असे विचारले की पर्समधून पाकीट निघते. तांबड्या रश्श्याच्या जेवणानंतर दोन दिवस घ्या म्हणून दिलेली गोळी औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणून वर्षभर चालू राहते, घरातले दुसरेही तीच घेऊ लागतात, आणि प्रोलॅक्टिन वाढल्यावर या गोळीकडे कोणाचेच लक्ष न गेल्याने तिच्या जोडीला कॅबरगोलिन सुरू होते. म्हणजे एका औषधाने डोपामिन अडवायचे आणि दुसऱ्याने ते पुरवायचे, अशी ही दुहेरी गोळी-योजना होते. यात पैसा जातो, दोन्ही औषधांचे दुष्परिणाम सोसावे लागतात, आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. मला या गोष्टीची मनापासून चीड येते, कारण ती टाळायला केवळ एक मिनिट आणि चष्मा पुरेसा असतो.

तुमच्या गोळीत यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारून ती बंद करा. मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे औषध थांबवल्यावर तीन दिवसांनी पुन्हा तपासणी करता येते. मी मात्र गोळी बरेच महिने चालली असेल तर साधारण दोन आठवडे जाऊ देतो, म्हणजे आकडा शंकेला जागा ठेवत नाही. मधल्या काळात पित्त उसळले तर एकच घटक असलेली साधी गोळी, रात्रीचे जेवण लवकर, आणि चहावर चहा कमी करणे यांवर बहुतेकांचे भागते.

प्रोलॅक्टिन वाढवणारी इतरही औषधे आहेत. मानसिक आजारांवरची रिस्पेरिडोन, अमिसल्पिराइड, हॅलोपेरिडॉल, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, रक्तदाबासाठीची मिथाइलडोपा आणि वेरापॅमिल ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी थोडीशी वाढ होते. वाचणाऱ्यांपैकी कोणी मानसिक आजाराची औषधे घेत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रोलॅक्टिनच्या भीतीने ती स्वतःहून बंद करू नयेत. आजार उलटण्याचा धोका प्रोलॅक्टिनपेक्षा कितीतरी मोठा असतो. मनोविकारतज्ज्ञ औषध बदलू शकतात, मात्रा कमी करू शकतात किंवा ॲरिपिप्राझोलसारखे, प्रोलॅक्टिन न वाढवणारे औषध निवडू शकतात. अशा रुग्णाला कॅबरगोलिन देणेही त्यांच्याशी बोलल्याशिवाय योग्य नाही, कारण डोपामिन वाढल्याने भास आणि संशय परत येऊ शकतात.

चौथी गोष्ट थायरॉइड. तुमच्या प्रश्नात टीएसएच या थायरॉइडच्या रक्तचाचणीचा उल्लेखच नाही, म्हणून ती तपासणी झाली नसावी असे धरतो. थायरॉइड कमी पडले की मेंदू त्याला जागे करण्यासाठी एक संदेशद्रव्य जास्त पाठवतो आणि तेच द्रव्य प्रोलॅक्टिनही वाढवते. यात एक फसवी जागा आहे. दीर्घकाळ थायरॉइड कमी राहिले तर पीयूषिका ग्रंथीच फुगते आणि एमआरआयमध्ये ती गाठीसारखी दिसते. थायरॉक्सिनच्या गोळीने काही महिन्यांत ती पूर्ववत होते. टीएसएच न पाहता थेट एमआरआय केला तर जी ‘गाठ’ मुळात गाठ नाही तिच्यासाठी माणूस शस्त्रक्रियेच्या दारात उभा राहू शकतो. याच रक्तात मूत्रपिंड आणि यकृताच्या साध्या चाचण्याही करून घ्याव्यात. मूत्रपिंड निकामी होत असताना प्रोलॅक्टिन वाढते.

पाचवी शक्यता अशी की आकडा वाढलेला आहे, पण हार्मोन काम करत नाही. काही जणांच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडाला चिकटून मोठा रेणू बनते, ज्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. ते यंत्रात मोजले जाते, शरीरात मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. प्रोलॅक्टिन वाढलेल्या दर १०० जणांत साधारण १० ते २५ जणांमध्ये हे आढळते. पाळी नियमित आहे, दूध येत नाही, काहीच तक्रार नाही आणि तरी आकडा ६०-७० आहे, अशा वेळी प्रयोगशाळेला मॅक्रोप्रोलॅक्टिनची चाचणी करायला सांगावी. तुम्हाला तक्रारी आहेत, त्यामुळे तुमच्यात ही शक्यता कमी वाटते.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: गर्भचाचणी, शांतपणे दिलेले दुसरे रक्त, औषधांची छाननी, टीएसएच व मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या. हे सर्व कोल्हापुरात कुठेही होते आणि खर्चही एमआरआयच्या मानाने फार थोडा आहे. खासगीत परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग किंवा मेडिसिन विभागात दाखवा. या पायऱ्या संपूनही प्रोलॅक्टिन वाढलेलेच राहिले तर एमआरआयचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

एमआरआय आधीच उरकून घेतला तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. सुमारे दर दहा निरोगी माणसांपैकी एकाच्या पीयूषिकेत काहीतरी लहानसा ठिपका दिसतो, ज्याचा प्रोलॅक्टिनशी संबंध नसतो. गोळीमुळे वाढलेले प्रोलॅक्टिन आणि योगायोगाने दिसलेला असा ठिपका एकत्र आले की त्या मुलीच्या फाइलवर ‘मेंदूची गाठ’ हा शिक्का बसतो आणि तो पुसायला वर्षे जातात. लग्नाच्या बोलाचालीत, सासरी, नोकरीच्या तपासणीत तो तिच्यामागे येतो. म्हणून मी हात आखडता घेतो. उलट, डोकेदुखी नव्याने सुरू झाली असेल, नजर अधू झाली असेल, पाळी पूर्ण बंद झाली असेल किंवा आकडा १०० च्या वर असून त्याला स्पष्ट कारण नसेल, तर मी एमआरआयला वेळ लावत नाही. करायचाच तर तो साध्या मेंदूचा न करता पीयूषिका ग्रंथीचा, रंगद्रव्य देऊन आणि बारीक छेदांचा करावा. चिठ्ठीवर तसे लिहून घ्या, नाहीतर तो पुन्हा करावा लागतो.

आता गाठ निघाली असे धरून चालू, कारण तुमची झोप त्या भीतीने उडाली आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या या गाठी जवळजवळ नेहमी कर्करोगाच्या नसतात. १० मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर त्यांना सूक्ष्म गाठ म्हणतात. स्त्रियांत बहुतांशी याच सापडतात आणि त्यांतल्या बहुतेक वर्षानुवर्षे वाढत नाहीत. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठींकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण पीयूषिकेच्या लगेच वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात आणि तिथे दाब पडला की दोन्ही बाजूंचे कडेचे दिसणे कमी होते.

या ठिकाणी पुरुषांचा उल्लेख केला पाहिजे, कारण ते उशिरा येतात. स्त्रीला पाळी बिघडल्याने लवकर इशारा मिळतो. पुरुषाला कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे अशी लक्षणे असतात आणि ती तो वर्षानुवर्षे बोलत नाही. शिरोलीच्या बाजूला फौंड्रीत काम करणारा एक तरुण माझ्याकडे डोकेदुखीसाठी आला होता. बोलता बोलता बायको म्हणाली, ‘हल्ली ह्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागतोय.’ मी त्याच्यासमोर बसलो, माझ्या नाकाकडे बघायला सांगितले आणि दोन्ही हातांची बोटे हलवत कानांच्या रेषेतून पुढे आणू लागलो. बोटे जवळजवळ चेहऱ्यासमोर येईपर्यंत त्याला दिसली नाहीत. गाठ मोठी होती, पण त्याचे प्रोलॅक्टिन मात्र १५० च्या आसपास छापून आले होते. गाठ फार मोठी आणि हार्मोन अतोनात असले की यंत्राची मोजणी गोंधळते आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना पातळ करून पुन्हा मोजल्यावर तो हजारांत निघाला. हे कळणे फार महत्त्वाचे होते, कारण प्रोलॅक्टिनची गाठ कितीही मोठी असली तरी बहुधा गोळ्यांनी आकसते, तर प्रोलॅक्टिन न बनवणारी दुसऱ्या प्रकारची गाठ ग्रंथीच्या देठावर दाबून प्रोलॅक्टिन १०० पर्यंत वाढवते आणि तिला शस्त्रक्रिया लागते. त्या दुसऱ्या प्रकारात कॅबरगोलिन दिले तर रिपोर्ट छान येतो, गाठ मात्र वाढत राहते. मोठी गाठ आणि मध्यम आकडा असे जोडपे दिसले की पातळ करून मोजणी केली का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. त्या तरुणाची नजर गोळ्यांवर काही आठवड्यांतच सुधारू लागली आणि शस्त्रक्रियेची वेळ आली नाही.

औषधाविषयी सांगायचे तर कॅबरगोलिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, कारण ते दीर्घकाळ टिकते, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पुरते आणि जुन्या ब्रोमोक्रिप्टिनपेक्षा मळमळ कमी करते. साधारणपणे पाव मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा अशी सुरुवात करतात. ठरलेले वार धरावेत, सोमवार आणि गुरुवार असे, रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून मग उभे राहावे, कारण सुरुवातीला रक्तदाब उतरून चक्कर येते. नाक चोंदणे, बद्धकोष्ठ हेही होते. एक दुष्परिणाम मी घरच्यांनाही सांगून ठेवतो: काही मोजक्या लोकांत मनावरचा ताबा सुटतो, मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणे, अकारण खरेदी, कामवासना अतोनात वाढणे असे घडते आणि रुग्णाला ते स्वतःला कळत नाही. असे दिसले तर औषधाची आठवण व्हावी. हृदयाच्या झडपांबद्दल वाचून पुष्कळ जण घाबरतात. तो त्रास पार्किन्सनच्या आजारात रोज मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांत दिसला होता. आठवड्याला २ मिलिग्रॅमहून जास्त मात्रा दीर्घकाळ लागत असेल तर मी हृदयाची सोनोग्राफी वेळोवेळी करून घेतो.

प्रत्येक वाढलेल्या आकड्याला गोळी लागतेच असे नाही. लहान गाठ आहे, पाळी नियमित आहे, सध्या मूल नको आहे, अशा स्त्रीला मी नुसते लक्ष ठेवायला सांगतो. पाळी महिनोन्महिने बंद असेल तर मात्र हाडे ठिसूळ होतात, तेव्हा स्वस्थ बसता येत नाही. गाठीसाठी औषध सुरू केल्यावर किमान दोन वर्षे घेऊन, प्रोलॅक्टिन योग्य पातळीत आणि एमआरआयमध्ये गाठ दिसेनाशी झाली असेल तर मात्रा कमी करत ते थांबवून पाहता येते. बऱ्याच जणींत ते पुन्हा वाढते, म्हणून थांबवल्यानंतरचे पहिले वर्ष तपासण्या चुकवू नयेत.

दुधाबद्दलची तुमची शंका कोल्हापुरात मला इतरांनीही विचारली आहे. दूध, दही, ताक यांनी रक्तातले प्रोलॅक्टिन वाढत नाही. दुधातली प्रथिने पोटात पचून जातात. खुशाल प्या, फक्त कट्ट्यावर समोरच काढून मिळणारे धारोष्ण दूध घेण्याऐवजी तापवून प्या, विशेषतः बाळाचा विचार असताना, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. शतावरी, मेथीच्या दाण्यांचे काढे असे दूध वाढवण्यासाठी दिले जाणारे पदार्थ निदान होईपर्यंत थांबवावेत, म्हणजे गोंधळ राहणार नाही. ब ६ जीवनसत्त्वाने प्रोलॅक्टिन उतरते असे सांगून मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या जातात. त्याला पुरेसा आधार नाही आणि जास्त मात्रेत त्याने हातापायांच्या नसांना इजा होते. आणखी एक: थेंब दोन्ही बाजूंनी पांढरा येत असेल तर तो प्रोलॅक्टिनशी जुळतो. एकाच स्तनातून, आपोआप, तांबूस किंवा रक्ताळ स्राव येत असेल तर प्रोलॅक्टिनचा विचार बाजूला ठेवून स्तनांची तपासणी वेगळी करून घ्यावी.

आता तुमचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न. प्रोलॅक्टिन हे वंध्यत्वाच्या अशा कारणांपैकी आहे जे उपचारांना चांगला प्रतिसाद देते. कारण गोळी असेल तर ती थांबल्यावर, थायरॉइड असेल तर ते सुधारल्यावर आणि गाठ असेल तर कॅबरगोलिनवर बीज पुन्हा तयार होऊ लागते. ते पाळी यायच्या आधीच तयार होऊ शकते, म्हणून औषध चालू असताना पाळी आली नाही तर ‘अजून सुधारणा नाही’ असे समजण्याआधी गर्भचाचणी करावी. लहान गाठ असलेल्या स्त्रीला दिवस राहिल्याचे कळताच औषध थांबवतात, आणि गर्भारपणात अशी गाठ त्रास देण्याइतकी वाढण्याचा संभव दर १०० जणींत दोन-तीन एवढाच असतो. मोठ्या गाठीत तो बराच जास्त असतो, तिथे आधी गाठ आकसवून मगच बाळाचा विचार करावा आणि पुढचे निर्णय त्या त्या रुग्णाप्रमाणे घ्यावेत. गर्भारपणात प्रोलॅक्टिन मोजत बसू नये, ते वाढणारच असते; तेव्हा डोकेदुखी आणि नजर यांवर लक्ष ठेवतात. अंगावर पाजायलाही लहान गाठीत हरकत नसते. अचानक, पूर्वी कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि दिसायला कमी होणे असे एकत्र घडले तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो; तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

कॅबरगोलिन आजच सुरू करू नका, चिठ्ठी मात्र जपून ठेवा, कदाचित पुढे ती लागेलही. या आठवड्यात गर्भचाचणी आणि पाकिटाची मागची बाजू, मग तुमच्या डॉक्टरांशी बोलून गोळीचा निर्णय, आणि दोन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन व टीएसएच एकत्र, एवढेच करा. ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांनाच हे पाकीट नेऊन दाखवा. त्यांना या गोळीची माहिती दिलेली नसेल तर त्यांचा सल्ला त्यांच्या जागी रास्त होता. आणि तुमच्या पूर्ण मजकुरात यजमानांच्या तपासणीचा एक शब्दही नाही. वर्षभर प्रयत्न झाले आहेत, तेव्हा त्यांची वीर्यतपासणी याच दोन आठवड्यांत करून घ्या; ती स्वस्त आहे, एका सकाळीत होते, आणि तुमच्या एमआरआयच्या कितीतरी आधी व्हायला हवी.